‘घडलं’ आणि ‘केलं’ : शिक्षा झालेला माणूस स्वतःला काय सांगत असतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठ्या भावाला बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन दोन वर्षं झाली. अत्याचार झालेली स्त्री त्याच्या ओळखीची, एकाच ठिकाणी काम करणारी. धाकटी बहीण दर महिन्याला तुरुंगात भेटायला जाते. तो प्रत्येक भेटीत सांगतो, ‘तिचीही मर्जी होती, नंतर ती उलटली.’ डोळ्यांत पाणी आणून सांगतो. बहिणीनं निकालपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आहे आणि निकालाबद्दल तिच्या मनात शंका नाही. तिनं विचारलंय : ‘तो माझ्याशी खोटं बोलतोय की त्याला खरंच तसं वाटतं? माणूस स्वतःची इतकी समजूत घालू शकतो का? आणि मी समोर बसून नुसती मान हलवते, ते बरोबर आहे का?’

मी गेली सतरा वर्षं तुरुंगात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करतो. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांचे गट घेतो, एकेकट्याशीही बोलतो. खाली ज्यांचा उल्लेख येईल त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच अडकलात तर तिसऱ्यापर्यंत पोचता येणार नाही. खोटं बोलतोय की तसं वाटतंय, यातलं एक निवडायचं नाही. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी चालू असतं. आत कुठेतरी त्याला ठाऊक आहे. जे ठाऊक आहे त्याच्याकडे बघणं सोसत नाही, म्हणून त्यानं एक हकीकत रचली. ती पोलिसांना सांगितली, वकिलाला सांगितली, कोर्टात, बराकीत, आईला, तुम्हाला सांगितली. दहाव्यांदा सांगताना ती रचलेली वाटत नाही, आठवलेली वाटते. डोळ्यांतलं पाणी खरंच असतं. ते कोणासाठी आहे, तिच्यासाठी की स्वतःसाठी, एवढंच पाहायचं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. त्याचं अपील चालू असेल तर वकिलानं त्याला काहीही कबूल करू नकोस असं बजावलं असेल. तो नकार मनातला नसतो, खटल्यातला असतो. बलात्काराच्या कैद्याकडे इतर कैदी तुच्छतेनं बघतात, प्रसंगी मारहाण होते, तिथे ‘खोट्या केसमध्ये अडकलो’ ही हकीकत अंग वाचवायलाही लागते. निर्दोष माणसालाही कधीकधी शिक्षा होते, हे मी नाकारत नाही; पण तुम्ही पुरावा वाचून मत बनवलं आहे, ते धरूनच पुढचं लिहितो. शिवाय अनोळखी बाईवर हल्ला करणारा, ओळखीच्या बाईवर जबरदस्ती करणारा आणि घरातल्या मुलावर अत्याचार करणारा, या तिघांचं स्वतःशी चाललेलं बोलणं सारखं नसतं. तुमचा भाऊ दुसऱ्या प्रकारात मोडतो, म्हणून माझा भर तिथे राहील.

आता माणूस स्वतःची समजूत घालतो कशी, ते सांगतो. मी आधी क्रियापदं ऐकतो. ‘माझ्या हातून घडलं.’ ‘तोल गेला.’ ‘पाय घसरला.’ ‘मोह आवरला नाही.’ ‘बुद्धी फिरली.’ ‘दारूनं घात केला.’ ही सगळी आपल्या रोजच्या बोलण्यातली वाक्यं आहेत, म्हणून कानाला खटकत नाहीत. पण प्रत्येकात कर्ता कोण आहे पाहा. तोल, पाय, मोह, बुद्धी, दारू. माणूस कुठेच नाही. आपल्या भाषेत ‘झालं’, ‘घडलं’, ‘होऊन गेलं’ असं म्हणून स्वतःला वाक्यातून अलगद काढून घेता येतं, आणि या कामात मला सगळ्यात जास्त झगडावं लागतं ते याच सोयीशी.

गटात एक गोष्ट मी नेहमी करून घेतो. कोरा कागद द्यायचा आणि त्या दिवसाची हकीकत लिहायला सांगायची. एका माणसानं अकरा वाक्यं लिहिली होती. ‘मी’ हा शब्द त्यात तीनदा होता : मी दमून आलो होतो, मी नंतर खूप घाबरलो, मी रात्रभर झोपलो नाही. मधल्या वाक्यांत, जिथे ती बाई आहे, तिथे ‘मी’ नाहीच. ‘बोलणं वाढत गेलं. दार लागलं. झटापट झाली. ते होऊन गेलं.’ मी कागदावरच्या एका वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, दार कोणी लावलं? तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘वाऱ्यानं असेल.’ मी काहीच बोललो नाही. पाचव्या आठवड्यात तो तोच कागद घेऊन आला. ते वाक्य खोडून वर पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘मी दार लावलं.’ आणि त्याच्या पुढे, मी न विचारता, अगदी बारीक अक्षरात : ‘कडी पण.’

त्या दोन शब्दांचं महत्त्व सांगायला हवं. कडी घालणारा माणूस भान हरपलेला नसतो. कोणी येऊ शकतं हे त्याला कळत होतं, हे कोणी पाहू नये हेही कळत होतं, म्हणजे हे करू नये हेही कळत होतं. ‘क्षणात सगळं झालं’ ही सबब माझ्यासमोर नेहमी येते, आणि तपशिलात शिरलं की बहुतेक वेळा ती टिकत नाही. सोबतच्या माणसाला काहीतरी काम सांगून बाहेर पाठवलेलं असतं. टीव्हीचा आवाज वाढवलेला असतो. फोन बंद केलेला असतो. प्रत्येक गोष्ट एकटी पाहिली तर किरकोळ, ओळीनं मांडली की रस्ता दिसतो. म्हणून मी ‘का केलंस?’ असं सहसा विचारत नाही. त्या प्रश्नावर भाषण मिळतं. ‘त्याच्या आधी काय केलंस? आणि त्याच्याही आधी?’ असं विचारलं की माणूस मिळतो.

यातून एक मुद्दा निघतो, जो बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसतो. स्वतःची समजूत घालणं गुन्ह्यानंतर सुरू होत नाही. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये अल्पवयीन गुन्हेगारांबद्दल लिहिताना हे मांडलं : या मुलांना समाजाचे नियम मान्य नसतात असं नाही, ते नियम तात्पुरते बाजूला ठेवणारी वाक्यं त्यांच्याकडे आधीच तयार असतात. जबाबदारी माझी नाही, कोणाचं काही बिघडलं नाही, त्याची तीच लायकी होती, मला बोलणारे तुम्ही कोण, आणि मी माझ्या माणसांसाठी केलं. डेव्हिड फिंकेलहोर यांनी १९८४ मध्ये मुलांवरील अत्याचाराबद्दल जी मांडणी केली तिच्यातही, संधी शोधण्याच्या अगोदर, स्वतःची सदसद्विवेकबुद्धी गप्प करण्याची एक स्वतंत्र पायरी आहे. तुमचा भाऊ आज ‘तिची मर्जी होती’ म्हणतो. माझा अनुभव सांगतो की हे वाक्य त्या संध्याकाळच्या बऱ्याच आधीपासून त्याच्या डोक्यात असणार. ती हसून बोलली, तिनं एकदा घरी सोडायला सांगितलं, तिनं रात्री मेसेजला उत्तर दिलं. प्रत्येक साध्या गोष्टीतून त्यानं स्वतःला हवा तो अर्थ काढून ठेवला असेल. नंतर कोर्टात त्यानं तोच साठा बाहेर काढला.

आता सबब आणि समर्थन यांतला फरक. मार्व्हिन स्कॉट आणि स्टॅनफर्ड लायमन यांनी १९६८ मध्ये तो नेमका सांगितला. सबब देणारा म्हणतो, कृत्य वाईट होतं पण दोष माझा नाही. समर्थन करणारा म्हणतो, होय मी केलं, पण त्यात वाईट काही नव्हतं. डायना स्कली आणि जोसेफ मॅरोला यांनी अमेरिकेत बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या ११४ जणांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८४ मध्ये त्यावर लिहिलं. ज्यांनी बलात्कार कबूल केला ते सबबी देत होते : नशा, मनाची अवस्था, ‘एरवी मी असा नाही’. जे ‘हा बलात्कारच नव्हता’ म्हणत होते ते समर्थन करत होते : तिनंच खुणावलं, बायका ‘नाही’ म्हणतात ते वरवरचं, चांगल्या घरच्या बाईवर असं होतच नाही. दारूबद्दल त्यांना जे दिसलं ते मला दर गटात दिसतं. कबूल करणारा स्वतः प्यायल्याचं सांगतो, म्हणजे दोष कमी. नाकारणारा ती प्यायली होती असं सांगतो, म्हणजे दोष तिचा. दारू तीच, पण दोन्हीकडे ती पुरुषाच्याच बाजूनं साक्ष देते.

एक समर्थन वेगळं घेतो, कारण तुमचा भाऊही ते कधीतरी करेल आणि तुम्ही गोंधळाल : ‘तिनं विरोध कुठे केला? ओरडली का नाही?’ स्वीडनमध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर मोठ्या प्रमाणात थिजल्याचं सांगितलं. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. भीतीनं शरीर जे आपोआप करतं ते हे आहे, संमतीशी त्याचा काही संबंध नाही. गटात मी हे सांगतो तेव्हा काही जण वाद घालतात, आणि एखादा माणूस एकदम गप्प होतो. त्याला तिचा चेहरा आठवलेला असतो. ‘ती छताकडे बघत होती,’ असं एकजण म्हणाला होता. त्या दिवसापर्यंत तो त्याला होकार म्हणत आला होता.

मुलांवर अत्याचार करणाऱ्यांबद्दल थोडक्यातच. टोनी वॉर्ड आणि थॉमस कीनन यांनी १९९९ मध्ये अशा लोकांच्या विचारामागे पाच समजुती दाखवल्या : मुलांनाही हे हवं असतं, माझी गरज इतरांपेक्षा मोठी आहे, जग धोक्याचं आहे आणि मोठी माणसं विश्वासघातकी आहेत, माझ्यावर माझा ताबा नाही, आणि मारहाण केली नाही म्हणजे इजा झाली नाही. यातली शेवटची समजूत सगळ्यात चिवट असते, कारण ती प्रेमाच्या भाषेत बोलते.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर : तुमचा भाऊ जे सांगतो ते त्याला बऱ्याच अंशी पटलेलं आहे, ते बहुधा गुन्ह्याच्या आधीपासून तयार होत होतं, आणि त्यातून तो स्वतः गायब आहे.

यापुढचं मला स्वतःला उशिरा समजलं. कामाची पहिली सात-आठ वर्षं मी असं धरून चाललो होतो की नकार मोडला पाहिजे, कबुली मिळाली की निम्मं काम झालं. मी माणसांना कोंडीत पकडायचो. निकालपत्र समोर ठेवून ओळ न् ओळ वाचायचो. काही जण कबूल व्हायचे, पण माझ्यासाठी. खोलीबाहेर पडले की पुन्हा जुनी हकीकत. एकानं तर माझ्यासमोर हुबेहूब माझेच शब्द म्हणून दाखवले, पश्चात्तापाचे, अगदी जागच्या जागी, आणि मला त्या दिवशी स्वतःच्या पद्धतीची भीती वाटली.

नंतर संशोधन नीट वाचलं. कार्ल हॅन्सन आणि केली मॉर्टन-बुर्गॉन यांनी २००५ मध्ये ८२ अभ्यास एकत्र करून पाहिलं की लैंगिक गुन्हा पुन्हा कोण करतं. गुन्हा नाकारणं किंवा पीडितेबद्दल कळवळा नसणं, यांचा पुन्हा गुन्हा करण्याशी फारसा संबंध दिसला नाही. विकृत लैंगिक ओढ आणि एकूणच बेबंद, नियम न जुमानणारी वृत्ती, यांचा दिसला. याला अपवाद आहेत. घरातल्याच व्यक्तीवर अत्याचार करणाऱ्यांत नकार आणि पुन्हा गुन्हा यांचा संबंध २००७ च्या एका अभ्यासात आढळला. आणि २०१३ मध्ये असेच अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा लैंगिक अत्याचाराला पाठीशी घालणारी मतं आणि पुन्हा गुन्हा यांच्यात, मोठा नसला तरी, स्पष्ट संबंध निघाला.

याचा अर्थ मी माझ्या कामासाठी असा लावतो. वाक्यं दोन जातीची असतात. एक, त्या दिवसाबद्दलची : ‘मी प्यायलो होतो’, ‘मला कळलंच नाही’. दुसरी, जगाबद्दलची : ‘बायका अशाच असतात’, ‘एवढं खर्च केल्यावर पुरुषाला अपेक्षा असणारच’, ‘मला नाही म्हणायची तिची हिंमत कशी झाली’. पहिल्या जातीची वाक्यं बऱ्याचदा लाजेवर ओढलेलं पांघरूण असतं. ती आपण सगळेच वापरतो; उशीर झाला तर रस्त्याला बोल लावतो. शॅड मारुना आणि रूथ मॅन यांनी २००६ मध्ये हाच मुद्दा मांडला, की सबब देणं हे माणसाचं सर्वसाधारण वागणं आहे, त्यालाच रोग समजून बसू नका. मी तर म्हणेन की ‘दारू होती’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘मी आहेच असा’ म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते, मग तो कितीही प्रामाणिक दिसो. दुसऱ्या जातीची वाक्यं म्हणजे नियम असतो, आणि नियम त्या एका दिवसापुरता नसतो. सुटकेनंतर तो माणसाबरोबर घरी येतो.

म्हणून पुढच्या भेटीत तुम्ही ‘तो कबूल करतोय का’ हे ऐकू नका. तो कोणत्या जातीचं वाक्य बोलतोय ते ऐका. ‘तिची मर्जी होती’ हे पहिल्या जातीचं आहे. ‘नोकरी करणाऱ्या बायकांना असंच हवं असतं’ हे दुसऱ्या. तुम्हीही नोकरी करत असाल. तो तुमच्यासमोर असं बोलतो का, आणि बोलताना चाचरतो का, यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

आता मान हलवण्याबद्दल. ते थांबवा. तुम्ही ऐकून घेत होतात, त्यात अपराध नाही. पण त्याच्या बाजूनं तुमच्या मानेचा अर्थ एकच आहे : बहिणीनं मानलं, म्हणजे खरं. घरच्या माणसांच्या आधारावर ही हकीकत उभी राहते. आईनं ‘माझ्या लेकाला फसवलं’ म्हणावं, बहिणीनं गप्प राहावं, एवढं त्याला पुरतं. आईला बदलायला जाऊ नका, या वयात तिला ते कदाचित झेपणार नाही. तुम्ही फक्त तुमची मान काढून घ्या.

वाद मात्र घालू नका. निकालपत्रातले दाखले देऊ नका, रडून ‘खरं सांग’ म्हणून शपथ घालू नका. शपथ घातलेल्या माणसाला हकीकतीवर आणखी ठाम व्हावं लागतं. एकदाच, शांतपणे, तुमच्या शब्दांत सांगा. मी असं काहीतरी सुचवेन : ‘दादा, मी निकाल पूर्ण वाचलाय. मला तिचं पटलं. तरी मी तुला भेटायला येत राहीन, कारण तू माझा भाऊ आहेस. पण तिच्याबद्दल वाईट बोललास तर मी ऐकून घेणार नाही, उठून जाईन.’ आणि तो बोलला तर खरंच उठा. परत यायचं पुढच्या महिन्यात, ठरल्या दिवशी. या दोन गोष्टी एकत्र मिळाल्याशिवाय, म्हणजे मी तुला सोडत नाही आणि तुझं हे मानतही नाही, माणूस स्वतःकडे बघत नाही. लाजेनं चिरडलेला माणूस हकीकतीला घट्ट धरतो आणि डोक्यावर घेतलेल्या माणसाला ती सोडायचं कारण उरत नाही.

तुरुंगात समुपदेशन किंवा असे गट चालत असतील तर त्यात जायला सांगा, कबुलीची अट न घालता. गुन्हा नाकारणाऱ्यांबरोबरही काम करता येतं, मी करतो. संताप आला की काय करतोस, नकार मिळाला की डोक्यात काय येतं, एकटेपण कसं काढतोस, यावर बोलायला कबुली लागत नाही. त्या बाईशी किंवा तिच्या घरच्यांशी त्याच्या वतीनं कोणताही संपर्क करू नका, माफीचाही नाही. तो निरोप न्यायला सांगेल, तरी नाही. सुटकेनंतर तो कोणाकडे राहणार हे घरात आत्तापासून बोला. आणि तुमच्यासाठी कोणीतरी शोधा, ज्याच्याशी हे सगळं बोलता येईल. असल्या प्रकरणात बहिणींच्या वाट्याला कोणाचीच विचारपूस येत नाही, हे मी बघत आलोय.

तुम्ही ते वाक्य बोललात की बहुधा तो चिडेल. कदाचित एक-दोन महिने भेट नाकारेल, आईकरवी निरोप पाठवेल की ती मला मेली. माझ्याकडच्या त्या कागदवाल्या माणसाच्या बहिणीला त्यानं तीन वेळा परत पाठवलं होतं. चौथ्यांदा ती आली तेव्हा तो भेटायला गेला आणि पूर्ण वेळ गप्प बसून राहिला. कडी त्यानंतरच्या आठवड्यात लिहिली गेली.